शेवटच्या रांगेत शब्द का हरवतात?

गावात सप्ताह बसलेला असतो. रात्रीचं कीर्तन रंगात आलेलं, मंडप खच्चून भरलेला. पुढच्या रांगेतले आजोबा उपरण्याचं टोक कानात कोंबून बसलेत, कारण स्पीकर त्यांच्या डोक्याशीच उभा आहे. आणि तिकडं शेवटच्या खांबाजवळ बसलेल्या बायका एकमेकींना विचारताहेत, "काय म्हणाले गं महाराज?" आवाज तिथंही पोचतोच आहे. पखवाज घुमतोय, टाळांनी कान किटताहेत. पण महाराजांचं बोलणं येतं ते सगळं एकात एक कालवून. चाल ओळखू येते, अभंग ओळखू येत नाही.

मग मागून निरोप जातो, स्पीकरवाला मास्टर चढवतो. आजोबा आणखी वैतागतात. पुन्हा निरोप जातो, आता ट्रेबल चढतो आणि शिट्टी वाजते. इक्वलायझरचे दांडे खालीवर होतात, शिट्टी थांबते, शब्द काही सुटे होत नाहीत.

या धावपळीत मिक्सरखालच्या रॅकमधल्या एका चपट्या डब्याकडं कुणाचं लक्ष नसतं. त्याला कुणी प्रोसेसर म्हणतं, कुणी मॅनेजमेंट, कुणी नुसतंच क्रॉसओव्हर. त्याच्या छोट्या पडद्यावर इक्वलायझरचं पान असतं आणि आउटपुटचंही असतं. हात जातो तो पहिल्या पानाकडं, कारण तिथली रेषा ओढली की आवाज लगेच बदलतो. पण शब्द हरवण्याचा दोष बहुतेक वेळा दुसऱ्या पानावर असतो, आणि तो निघाल्याशिवाय पहिल्या पानावर केलेली मेहनत फुकट जाते, असं माझं मत आहे. का, ते पाहू.

डब्याचं काम काय?

मिक्सरमधून निघालेला आवाज आधी प्रोसेसरमध्ये येतो, तिथून अॅम्प्लिफायरमध्ये आणि शेवटी स्पीकरमध्ये. प्रोसेसरमध्ये आवाज आत यायला दोन-तीन वाटा असतात आणि बाहेर पडायला जास्त. डीबीएक्सच्या ड्राइव्हरॅक २६० मध्ये दोन वाटा आत आणि सहा बाहेर, बेरिंगरच्या डीसीएक्स २४९६ मध्ये तीन आत आणि सहा बाहेर. ज्यांनी पाटाच्या पाण्यावर शेती केली आहे त्यांना हे पटकन कळेल. मुख्य पाटातून पाणी एकच येतं. पाटकरी ठरवतो की कोणतं पाणी कोणत्या चारीला, किती आणि केव्हा सोडायचं, आणि चारी फुटेल इतकं ते कधीच सोडायचं नाही. प्रोसेसरची चार कामं हीच: वाटणी करणं, प्रमाण ठरवणं, वेळ ठरवणं आणि मर्यादा घालणं.

एक गोष्ट इथंच लक्षात ठेवायला हवी. या डब्यात इक्वलायझर दोन ठिकाणी असतो. एक आत येणाऱ्या वाटेवर, तो सगळ्या स्पीकरना एकदम लागू होतो. दुसरा बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर, तो फक्त त्या वाटेवरच्या स्पीकरपुरता. पहिला जागेसाठी आहे, दुसरा खोक्यासाठी. मंडप बदलला की पहिला बदलायचा. खोकं तेच असेल तर दुसऱ्याला हात लावायचं कारण नाही.

बेस कुणाचा, गळा कुणाचा

एकाच स्पीकरमधून सगळा आवाज का काढत नाहीत? कारण खालचा आणि वरचा आवाज काढायला लागणारी शरीरंच वेगळी आहेत. आवाजाची उंची हर्ट्झमध्ये मोजतात, म्हणजे पडदा एका सेकंदात किती वेळा पुढंमागं होतो. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं. आता गंमत अशी की तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल, म्हणजे हर्ट्झ निम्मे करायचे असतील, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. १०० हर्ट्झला जो पडदा एक मिलिमीटर हलतो, तो ५० हर्ट्झला चार मिलिमीटर आणि २५ हर्ट्झला सोळा मिलिमीटर हलायला हवा. म्हणून बेसला अठरा इंची मोठे पडदे लागतात. हेच मोठे पडदे वरचे स्वर नीट पसरू शकत नाहीत, सरळ समोरच फेकतात. त्यामुळं गळ्यासाठी बारा किंवा पंधरा इंची टॉप आणि वरच्या स्वरांसाठी हॉर्न.

क्रॉसओव्हर ही वाटणी करतो. १०० हर्ट्झच्या खालचं बेसला, वरचं टॉपला, अशी एक सीमा ठरवली जाते. पण ही सीमा भिंतीसारखी सरळ उभी नसते, तिला उतार असतो. प्रोसेसरवर '२४ डेसिबल' असं दिसतं, त्याचा अर्थ सीमेपलीकडं एका सप्तकामागं आवाज २४ डेसिबलनं उतरत जातो. त्याच्या शेजारी दोन नावं दिसतात: लिंकविट्झ-रायली. सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे ह्युलेट-पॅकार्ड कंपनीतले अभियंते. त्यांच्या नावानं ओळखला जाणारा हा उतार १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्याची खुबी अशी की सीमेवर दोन्ही स्पीकर सहा-सहा डेसिबलनं खाली असतात, आणि त्यांचे आवाज एकाच वेळी, एकाच दिशेनं आले तर बेरीज बरोबर सपाट होते. 'एकाच वेळी, एकाच दिशेनं' ही अट ध्यानात ठेवा, पुढं तिच्यावरच सगळं अडतं.

बऱ्याच ठिकाणी टॉपला वरपासून खालपर्यंत सगळाच आवाज सोडलेला असतो, 'भरदार वाटतं' म्हणून. मग पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूवर थाप पडली की टॉपचा बारा इंची पडदा जोरानं आतबाहेर होतो, आणि त्याच पडद्यावरून निघणारा महाराजांचा गळा थरथरतो. टॉपला १०० हर्ट्झच्या खाली कापलं की हा त्रास जागच्या जागी थांबतो. पुरुषाचा बोलण्याचा स्वर साधारण तिथंच सुरू होतो, तेव्हा गळ्यातलं फारसं काही जात नाही.

बेसलाही खालून कापावं लागतं. बेसच्या खोक्याला भोक असतं आणि ते खोकं एका ठरावीक स्वरापर्यंतच पडद्याला हवेचा आधार देतं. त्याखाली आधार सुटतो आणि पडदा नुसताच लपलपतो. आवाज निघत नाही, कॉइल मात्र जायबंदी होते. म्हणून साधारण ३० ते ३५ हर्ट्झवर, किंवा खोकं बनवणाऱ्यानं सांगितलं असेल तिथं, खालचा अडसर लावतात. कीर्तनात त्याखाली असतं तरी काय? माइकवरचा वारा आणि व्यासपीठाच्या फळ्यांचा दणका.

बेसला टॉपपेक्षा किती चढतं ठेवायचं, हे कार्यक्रमावर ठरतं. डीजेला लागतो तितका बेस कीर्तनाला लागत नाही आणि भाषणाला तर जवळजवळ लागतच नाही. तरीही आदल्या दिवशीच्या हळदीचं सेटिंग दुसऱ्या दिवशीच्या कीर्तनाला तसंच लावलेलं दिसतं.

पाच मिलिसेकंदांचा खड्डा

आता त्या अटीकडं येऊ. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात जेमतेम एक फूट. प्रकाशाशी तुलना केली तर हा वेग अगदी मंद आहे, आणि मंडपातल्या निम्म्या कटकटी त्यातूनच निघतात.

व्यासपीठासमोर जमिनीवर बेसची खोकी ठेवली आहेत आणि टॉप व्यासपीठावर, त्यांच्यापेक्षा १.७ मीटर मागं. दोघांना आवाज एकाच क्षणी सोडला तरी समोरच्या माणसापर्यंत बेस पाच मिलिसेकंद आधी पोचतो. पाच मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण १०० हर्ट्झच्या लाटेला एक पूर्ण फेरी मारायला दहा मिलिसेकंद लागतात. म्हणजे बेसची लाट हवा पुढं ढकलत असते नेमकी तेव्हाच टॉपची लाट ती मागं ओढत असते. दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. बेस आणि टॉप जिथं हातात हात घालून चालायला हवेत त्याच १०० हर्ट्झवर खड्डा पडतो.

आता हा खड्डा इक्वलायझरनं भरून पाहा. १०० हर्ट्झ सहा डेसिबल चढवलं तर बेसचीही लाट वाढते आणि टॉपचीही. वजाबाकी तशीच राहते, खड्डा तसाच राहतो. फक्त अॅम्पला त्या स्वरासाठी चौपट ताकद लावावी लागते. स्पीकरवाल्याला वाटतं, बेस कमी पडतोय, आणखी दोन खोकी आणू.

खरा उपाय आउटपुटच्या पानावर आहे: पुढं ठेवलेल्या बेसला पाच मिलिसेकंद थांबवायचं. त्याला डिले म्हणतात. प्रतिध्वनी तयार करणारा डिले वेगळा. इथं फक्त आवाज दाराशी उभा करून मग सोडतात. जो स्पीकर श्रोत्याला जवळ, तो थांबतो. लांबचा थांबवून उपयोग नाही, तो आधीच उशिरा येतोय.

डिलेच्या जवळच एक बटण असतं, पोलॅरिटीचं. ते दाबलं की पडद्याची पुढची चाल मागची होते. एखाद्या केबलमध्ये तारा उलट जोडल्या गेल्या असतील तर हाच १०० हर्ट्झचा खड्डा डिले बरोबर असूनही पडतो. तपासायला मोठी यंत्रं लागत नाहीत. बेस आणि एका बाजूचा टॉप चालू ठेवून सीमेजवळचा स्वर सोडायचा, दोघांसमोर मध्यावर उभं राहायचं आणि कुणाला तरी ते बटण दाबायला सांगायचं. ज्या स्थितीत आवाज भरतो ती बरोबर.

मागच्या खांबावरचे स्पीकर

शेवटच्या रांगेचं कोडं इथं सुटतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबल उतरतो. स्पीकरपासून दोन मीटरवर बसलेले आजोबा आणि बत्तीस मीटरवर बसलेल्या बायका यांच्यात अंतर चार वेळा दुप्पट होतं, म्हणजे फरक २४ डेसिबलचा. दहा डेसिबलला कान साधारण दुपटीची जाणीव करून देतो, त्यावरून अंदाज घ्या. पुढचे स्पीकर उंच टांगून मागच्या बाजूला रोखले तर हा फरक बराच कमी होतो, आणि त्याला पैसेही पडत नाहीत. तरी लांब मंडपात मधल्या खांबांवर आणखी एक जोडी लावावी लागते.

ती लावली जाते, आणि तिथंच चूक होते. तारेतून वीज क्षणात पोचते, त्यामुळं ३० मीटरवरच्या खांबावरचा स्पीकर महाराजांचा शब्द जवळजवळ तोंडातून निघताक्षणीच बोलतो. व्यासपीठावरच्या स्पीकरचा तोच शब्द हवेतून चालत येतो आणि ८७ मिलिसेकंदांनी पोचतो. बोलताना आपण सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरं उच्चारतो, म्हणजे एका अक्षराला दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास. तेव्हा ८७ मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ अर्धं अक्षर. बोलण्यातली ताकद असते स्वरांत, 'आ', 'ओ', 'ए' यांच्यात. अर्थ मात्र पुष्कळसा व्यंजनांत असतो, आणि 'क', 'त', 'प', 'स' हे ऐकायला दुबळे, क्षणभराचे. उशिरा आलेल्या शब्दातला दणदणीत 'आ' पुढच्या अक्षराच्या 'त'वर येऊन बसतो आणि तो 'त' दडपला जातो. आवाज वाढवला तर दोन्ही वाढतात. म्हणून मागून कितीही निरोप आले तरी मास्टर चढवून शब्द सुटत नाहीत.

खांबावरच्या स्पीकरला ८७ मिलिसेकंद थांबवलं की दोन्ही आवाज बरोबर जुळतात. पण जाणकार तेवढ्यावर थांबत नाहीत, त्यावर आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद घालतात. हेल्मुट हास यांनी १९४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये बोलण्याचा आवाज घेऊन याच विषयावर प्रबंध लिहिला होता. एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतरानं आला, तर जो आधी येतो त्याच्या दिशेलाच कान आवाजाचं घर मानतो. पाच ते तीस मिलिसेकंदांच्या पट्ट्यात तर नंतर येणारा आवाज दहा डेसिबलपर्यंत मोठा असला तरी कान फसत नाही, किंवा म्हणा, छान फसतो. त्यामुळं शब्दांना बळ खांबावरच्या स्पीकरचं मिळतं, पण बोलतात महाराजच, समोर, व्यासपीठावरून. हे अंतर पन्नास मिलिसेकंदांच्या पुढं गेलं की मात्र बोलण्यात दुसरा आवाज वेगळा ऐकू यायला लागतो.

खांबावरच्या स्पीकरला खालचे स्वर देऊच नयेत, १५० हर्ट्झच्या खाली सरळ कापावं. पखवाज पुढून येतोच आहे. आणि त्यांचा आवाज इतकाच ठेवावा की ते चालू आहेत हे कळू नये, बंद केल्यावर मात्र चटकन जाणवावं.

दुपारच्या ३५ अंशांत आवाजाचा वेग सेकंदाला ३५२ मीटर असतो आणि रात्री २० अंशांवर ३४३. तीस मीटरला फरक पडतो दोन मिलिसेकंदांचा. वर घातलेल्या दहा-पंधरा मिलिसेकंदांत तो सहज सामावतो, त्यासाठी रात्री पुन्हा डबा उघडायची गरज नाही.

चारी फुटू नये म्हणून

लिमिटर हा आउटपुटच्या वाटेवरचा शेवटचा पहारेकरी. ठरलेल्या पातळीवर आवाज गेला की तो दाबून धरतो. स्पीकर मरतो दोन प्रकारे: बराच वेळ जास्त ताकद मिळाली की कॉइल तापून जळते, आणि एकदम मोठा धक्का बसला की पडदा ताणून फाटतो. म्हणून चांगल्या प्रोसेसरमध्ये लिमिटरही दोन असतात. सरासरीवर नजर ठेवणारा उष्णतेसाठी आणि टोकावर नजर ठेवणारा धक्क्यासाठी. बेसचा लिमिटर किंचित सावकाश लागू होतो, दहा-वीस मिलिसेकंदांत, नाहीतर तो लाटेचा आकारच चेपतो. हॉर्नचा एका मिलिसेकंदाच्याही आत लागावा लागतो, कारण त्याची तार केसासारखी बारीक.

गंमत म्हणजे हा आकडा सहसा अंदाजानं लावला जातो, किंवा शून्यावर सोडलेला असतो. तो शाळेतल्या गणितानं निघतो.

चौकट : लिमिटरचा आकडा कसा काढायचा
स्पीकर ८ ओहमचा, सतत सोसण्याची क्षमता ५०० वॅट. (खोक्यावर ५००, १००० आणि २००० असे तीन आकडे असतील तर पहिला धरायचा. दुकानात तिसरा सांगतात.)
वॅट गुणिले ओहम : ५०० × ८ = ४०००. त्याचं वर्गमूळ सुमारे ६३. म्हणजे स्पीकरला सतत ६३ व्होल्टपेक्षा जास्त मिळू नये.
अॅम्प आवाज किती पट करतो ते त्याच्या माहितीपुस्तकात पाहा. ३२ डेसिबल म्हणजे ४० पट. ६३ भागिले ४० = सुमारे १.५८ व्होल्ट.
प्रोसेसर ही पातळी डीबीयूमध्ये मागतो. ०.७७५ व्होल्ट म्हणजे शून्य डीबीयू. त्या हिशेबानं १.५८ व्होल्ट = सुमारे अधिक ६.२ डीबीयू. सरासरीचा लिमिटर इथं, टोकाचा त्याच्या सहा डेसिबल वर.
त्याच अॅम्पवर तसाच दुसरा स्पीकर समांतर जोडला तरी व्होल्ट तेच राहतात, आकडा बदलत नाही.

या गणितात अॅम्पच्या बटणांची जागा गृहीत धरलेली असते, बहुधा पूर्ण उघडी. लिमिटर लावताना अर्धं असलेलं बटण नंतर कुणी पूर्ण फिरवलं तर सगळं संरक्षण कोलमडतं. आणखी एक गोष्ट. लिमिटर डब्याच्या बाहेरच्या दारावर बसलेला असतो. मिक्सरचे लाल दिवे पेटलेले असतील तर फाटलेला आवाज आतच शिरलेला असतो. लिमिटर त्याला छोटा करील, पण शिवून देणार नाही. तेव्हा लाल दिवे मिक्सरवरच विझवायचे.

आता उघडा इक्वलायझर

इतकं झाल्यावर इक्वलायझरला फारसं काम उरत नाही, हे बघून पुष्कळांना चुटपुट लागते. पण थोडं उरतंच.

प्रोसेसरमधला इक्वलायझर पॅरामेट्रिक असतो. जॉर्ज मॅसनबर्ग यांनी १९७२ साली त्याची मांडणी प्रसिद्ध केली. दांड्यांच्या इक्वलायझरमध्ये स्वरांचे पट्टे आधीच ठरलेले, इथं आपण ठरवतो. तीन गोष्टी: कोणता स्वर, किती चढवायचा-उतरवायचा, आणि किती रुंद भागावर. या रुंदीला 'क्यू' म्हणतात आणि तिचा हिशेब उलटा आहे. क्यू १.४ म्हणजे साधारण एक सप्तक रुंद, ४.३ म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा. आकडा मोठा तितकी चीर अरुंद.

बाहेरच्या वाटांवरचा इक्वलायझर खोक्याचे जन्मजात दोष झाकतो. उदाहरणार्थ, रुंद पसरणाऱ्या हॉर्नमध्ये अगदी वरचे स्वर सप्तकामागं सहा डेसिबलपर्यंत गळत जातात, ते तिथं भरून काढावे लागतात. खोकं बनवणाऱ्या कंपनीनं तयार सेटिंग दिलं असेल तर तेच लावावं. त्यांनी ते शांत जागी, चांगल्या माइकनं मोजून काढलेलं असतं. आपण जनरेटरशेजारी उभं राहून त्यात सुधारणा करू नये.

आत येणाऱ्या वाटेवरचा इक्वलायझर जागेसाठी. इथं काढून टाकणं आधी, चढवणं शेवटी. तीन डेसिबल चढवले की त्या पट्ट्यात अॅम्पची दुप्पट ताकद जाते, लिमिटर लवकर लागतो आणि शिट्टी जवळ येते. शब्द स्पष्ट हवे असतील तर २,००० ते ४,००० हर्ट्झ चढवण्याआधी २०० ते ४०० हर्ट्झ थोडं उतरवून पाहा. मंगल कार्यालयातल्या फरशीवर आणि पत्र्याखाली हाच भाग साचतो. साचलेलं कमी झालं की व्यंजनं आपोआप वर येतात. (पत्र्यावर पाऊस सुरू झाला तर मात्र हात जोडून बसावं. त्याला सेटिंग नाही.)

टाळांचं काय? टाळकरी महाराजांच्या पाठीशीच उभे असतात, त्यामुळं टाळ त्यांच्याच माइकमधून शिरतात. टाळांचा खणखणाट आणि 'स', 'श' यांचे सुस्कारे एकाच उंचीचे. तिथं कापलं तर दोन्ही जातात. माइक तोंडाच्या जवळ आणणं हा त्यावरचा इलाज, आणि तो प्रोसेसरच्या कोणत्याही पानावर सापडत नाही.

एक जुनी खोड: दोन्ही कडेचे दांडे वर, मधले खाली, मिशीसारखी रेषा. घरी हळू आवाजात हे गोड लागतं, कारण आवाज लहान असताना कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. पण मंडपात आवाज मोठा असतो, तिथं कानाचा हा दुबळेपणा बराच सरलेला असतो. मिशी लावली की मधले स्वर दबतात आणि बोलणं नेमकं मधल्याच स्वरांत असतं.

शिट्टीसाठी अरुंद चीर. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, असा फेरा ज्या स्वरावर वाढत जातो तो स्वर शिट्टी मारतो. तो शोधून क्यू दहाच्या वर ठेवून थोडा कापायचा. असे दोन-तीन स्वर कापले की थांबावं. त्यानंतरही शिट्टी येत असेल तर माइक चुकीच्या जागी आहे किंवा फार माइक उघडे आहेत. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीपर्यंतची मोकळीक तीन डेसिबलनं घटते, त्यामुळं रिकामा माइक बंद करणं हे सगळ्यात स्वस्त इक्वलायझेशन आहे.

काही प्रोसेसर मोजमापाचा माइक घेऊन स्वतःच इक्वलायझर लावतात. प्रत्येक सप्तकात सारखी ताकद असलेला फसफसता आवाज, म्हणजे पिंक नॉइज, सोडून काय परत येतं ते पाहतात. सोय चांगली, पण माइक एकाच जागी ठेवला तर यंत्र त्या एका खुर्चीसाठी आवाज नीट करतं. जमिनीवरून परतलेल्या लाटेनं तिथं पडलेला अरुंद खड्डा ते चढवू पाहतं. एक हात बाजूला तो खड्डा नसतोच. चार-पाच जागी मोजून, रुंद उंचवटे तेवढे उतरवावेत आणि अरुंद खड्डे सोडून द्यावेत.

माणसं आल्यावर

रेंगाळणारा आवाज इक्वलायझर पुसू शकत नाही. हार्वर्डच्या फॉग व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. १८९५ साली वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडं ते घुमणं कमी करायचं काम आलं, आणि त्यांनी शेजारच्या सँडर्स थिएटरातल्या गाद्या रात्री उचलून आणून, किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते मोजलं. रिकाम्या कार्यालयात संध्याकाळी घेतलेली चाचणी आणि लोक बसल्यानंतरचा आवाज वेगळा वाटतो तो म्हणूनच. माणसं आणि त्यांचे कपडे वरचे स्वर जास्त पितात, खालचे कमी. तेव्हा सभागृह भरल्यावर आत येणाऱ्या वाटेवर ४,००० हर्ट्झच्या वर रुंद भागात एक-दोन डेसिबल चढवायची वेळ येऊ शकते. तेवढंच. क्रॉसओव्हर, डिले, पोलॅरिटी, लिमिटर यांना लोक आले म्हणून हात लावायचं काही कारण नाही. अनेक डब्यांत ही पानं संकेतांक टाकून बंद करता येतात, आणि उत्साही पुतणे आसपास असतील तर ती केलेली बरी.

शेवटच्या खांबापर्यंत शब्द पोचू लागले की पुढचा मास्टर खाली आणता येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर उघड्यावर भोंगा बंद. सरकारनं सणांसाठी सूट दिलेले मोजके दिवस तेवढे वेगळे. मास्टर सहा डेसिबल उतरवला तर अॅम्पची ताकद पाव होते, जनरेटरचं डिझेल वाचतं, आणि आजोबांना उपरणं खांद्यावर ठेवता येतं.